पेशींच्या पायाखालची जमीन

प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या जातात असे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, त्या खातात काय?” प्रश्न रास्त आहे. साखर, क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे अशी यादी आपण सांगतो आणि पुढे जातो. त्या पेशी उभ्या कशावर राहतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांचे सोडा, पेशींवर काम करणारे आम्हीसुद्धा बराच काळ हा प्रश्न दुय्यम समजत होतो. आज मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी माणसाच्या शरीरात रोपण करण्यापर्यंत मजल गेली आहे. तिथे पोहोचताना ज्या अडचणी आल्या, त्यांतली एक मोठी अडचण बशीच्या तळाशी होती. या लेखात त्या तळाचा इतिहास पाहू.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. रक्तातल्या पेशी सोडल्या तर आपल्या शरीरातील बहुतेक पेशी कशाला तरी धरून असतात. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा त्यांना आधार लागतो. फरक इतकाच, की वेलाला मांडव मिळाला नाही तर तो जमिनीवर पसरतो. आधार न मिळालेली निरोगी पेशी मात्र वाढणे थांबवते आणि पुष्कळदा मरून जाते. कर्करोगाच्या पेशी आधाराशिवायही वाढू शकतात. त्यांच्या उपद्रवाचे हे एक कारण आहे. शरीरात हा मांडव पेशी स्वतःच विणतात. प्रथिने आणि शर्करायुक्त रेणू यांचे ते पेशीबाहेरचे जाळे असते. पेशी शरीरातून काढून काचेवर ठेवली की जाळे मागेच राहते.

कोळ्याचे जाळे

१९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जासंस्थेचा बारीकसा तुकडा घेऊन तो बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेच्या झाकणपट्टीवरून उलटा टांगला. चेतातंतू पेशीतूनच फुटून वाढतो की आजूबाजूच्या पदार्थापासून तयार होतो, या वादाचा त्यांना निकाल लावायचा होता. तंतू वाढताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला आणि वाद त्यांच्या बाजूने मिटला. ऊतिसंवर्धनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. पण त्यातला एक तपशील सहज निसटतो. लसिकेचा तो थेंब गोठलेला होता. पेशीला आधार मिळाला होता तो त्या गोठलेल्या लसिकेतील धाग्यांचा.

हॅरिसन यांच्या नजरेतून हे सुटले नाही. १९१४ साली त्यांनी निव्वळ आधाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी वापरले काय, तर कोळ्याचे जाळे! द्रवात जाळ्याचे धागे ताणून बसवले, तर भ्रूणाच्या पेशी धाग्याला धरून लांबट होत आणि त्याच्यावरून सरकत. नुसत्या द्रवात मात्र त्या तुकड्यातून बाहेर पडतच नसत. पेशींच्या हालचालीला घन आधार लागतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमच्या मते हा त्या काळातला एक अतिशय सुंदर प्रयोग आहे. साधने घरगुती, प्रश्न नेमका. पण त्याची दखल घ्यावी तशी घेतली गेली नाही.

कारण तोवर दुसरी सोपी वाट सापडली होती. १९१० पासून मॉन्ट्रोज बरोज आणि अलेक्सिस कॅरेल रक्तद्रव गोठवून त्यात पेशी वाढवू लागले. पेशी वाढतात ना, मग झाले. अन्न आणि आधार दोन्ही एकाच गोळ्यात मिळत असल्याने त्यांना वेगळे करण्याची गरज कुणाला भासली नाही.

पुढचे पाऊल १९५६ चे. बाल्टिमोरमध्ये रॉबर्ट एरमन आणि जॉर्ज गाय यांनी उंदराच्या शेपटीतून कोलॅजेन हे प्रथिन काढले, त्याचा पारदर्शक थर काचेवर दिला आणि त्यावर पेशी वाढवल्या. हेच ते जॉर्ज गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये सुप्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढू लागल्या. आपल्याशी त्यांचे एक नाते आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या, आणि १९६० च्या दशकात मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

चिकटवणारे कोण?

यानंतर काचेची जागा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकने घेतली. मूळ पॉलिस्टायरीन पाण्याला दूर सारते, त्यामुळे पेशी त्यावर नीट बसत नाहीत. विद्युत्प्रक्रिया करून त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट आणले की बसतात. निदान तसे वाटत होते. प्रत्यक्षात पेशी प्लास्टिकला धरत नव्हत्याच. पेशींना अन्न म्हणून गाईच्या गर्भाच्या रक्ताचे सीरम घातले जाई. त्यातली काही प्रथिने आधी प्लास्टिकवर जाऊन बसत आणि पेशी त्या प्रथिनांना धरत. जेवण म्हणून वाढलेल्या ताटातूनच पाट मिळत होता!

ही प्रथिने कोणती, याचा छडा तुकड्यातुकड्याने लागला. १९६७ साली होम्स यांनी माणसाच्या सीरममधून पेशींना काचेवर बसवणारे एक प्रथिन वेगळे केले. ते मिळवण्याची युक्ती गमतीची होती. सीरम काचेच्या मण्यांच्या नळीतून सोडायचे. जे काचेला घट्ट धरते ते मागे राहते. पुढे याच प्रथिनाला ‘पसरवणारा घटक’ असे नाव मिळाले आणि १९८३ मध्ये ‘व्हिट्रोनेक्टिन’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये ‘व्हिट्रम’ म्हणजे काच. तिकडे रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिनांवर काम करणारे लोक ‘एस-प्रथिन’ नावाच्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. १९८५ मध्ये दोन्हींच्या जनुकांचा क्रम वाचला गेला, तेव्हा कळले की दोघे एकाच प्रथिनावर काम करत होते. आमच्या क्षेत्रात असे बरेचदा होते. शेजारच्या खोलीत काय चालले आहे ते जनुकाचा क्रम छापून आल्यावर समजते.

फायब्रोनेक्टिनची कथाही अशीच. रक्तातले, थंड केले की साक्यासारखे खाली बसणारे एक प्रथिन १९४८ पासून ठाऊक होते, पण त्याचे काम माहीत नव्हते. १९७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड हाइन्स आणि फिनलंडमध्ये एर्की रुओस्लाहती व अँट्टी वाहेरी हे वेगळाच प्रश्न विचारत होते : निरोगी पेशी आणि कर्करोगी बनवलेली पेशी यांच्या पृष्ठभागात फरक काय? उत्तर मिळाले की निरोगी पेशीवर असलेले एक मोठे प्रथिन कर्करोगी पेशीवर जवळजवळ दिसत नाही. तेच हे फायब्रोनेक्टिन, आणि ते रक्तातल्या त्या जुन्या प्रथिनाचेच भावंड निघाले.

आता रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग येतो. फायब्रोनेक्टिनच्या एका साखळीत दोन हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात. एवढ्या लांब साखळीतला कोणता भाग पेशी धरते? मायकेल पिअर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी तुकडे लहान लहान करत १९८४ मध्ये उत्तर दिले. आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल : सारा कारभार मुख्यतः या तीन अमिनो आम्लांच्या क्रमावर चालतो. एवढा छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनवून पृष्ठभागावर जोडला तरी पेशी त्याला धरतात. यातल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल घातले तर पकड सुटते. दोन आम्लांत फरक किती? एका कार्बन अणूचा आणि त्यावरच्या दोन हायड्रोजन अणूंचा. पेशीच्या हाताला एवढा फरक जाणवतो. हा हात म्हणजे पेशीच्या पटलातून आरपार जाणारे प्रथिन. त्याला १९८६ मध्ये ‘इंटेग्रिन’ हे नाव मिळाले. इंटेग्रिनचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी आहे. शिवाय हा हात नुसता धरून ठेवत नाही. बाहेर काय धरले आहे याची वार्ता तो आत पोहोचवतो. म्हणून बशीचा तळ बदलला की पेशीचे वागणेही बदलते. या कामासाठी हाइन्स, रुओस्लाहती आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

उंदराच्या गाठीतला गोंद

आपल्या त्वचेच्या किंवा आतड्याच्या अस्तराच्या पेशी ज्या पातळ चादरीवर बसतात तिला आधारपटल म्हणतात. ते इतके पातळ असते की त्यातून अभ्यासापुरते प्रथिन मिळवणेही कठीण. पण उंदरांत वाढणारी एक गाठ, जी ती शोधणाऱ्यांच्या नावाने एंगलब्रेथ-होल्म-स्वार्म गाठ म्हणून ओळखली जाते, आधारपटलाचा माल भरपूर तयार करते. या गाठीतून रुपर्ट टिम्पल, जॉर्ज मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लॅमिनिन हे प्रथिन वेगळे केले. तीन साखळ्यांचा, क्रुसाच्या आकाराचा हा मोठा रेणू आहे. १९८० च्या दशकात हिंडा क्लाइनमन आणि मार्टिन यांनी त्याच गाठीचा संपूर्ण अर्क वापरात आणला. पुढे तो ‘मॅट्रिजेल’ या नावाने प्रसिद्ध झाला. चायनाग्रास गार झाले की थिजते; या अर्काचे नेमके उलट आहे. तो बर्फात पातळ राहतो आणि खोलीच्या उबेत थिजतो. नवखा विद्यार्थी ड्रॉपरचे टोक गार करायला विसरला की महागाचा थेंब टोकातच जेली होऊन बसतो.

१९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. शरीरातील कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतर होण्याची क्षमता या पेशींत असते. ती क्षमता न गमावता त्यांना वाढवत ठेवणे हेच अवघड. थॉमसन यांनी त्यासाठी खाली उंदराच्या भ्रूणातील तंतुपेशींचा थर वापरला. या तंतुपेशींवर किरणांचा मारा करून त्यांचे विभाजन थांबवलेले असते. त्या फक्त दाईचे काम करतात. २००१ मध्ये चुन्हुई शू आणि सहकाऱ्यांनी हा थर काढून टाकला आणि मॅट्रिजेल किंवा लॅमिनिनवर मूलपेशी वाढवून दाखवल्या. पण द्रव अजून उंदराच्या पेशींच्या सहवासातला होता आणि तळ उंदराच्या गाठीतला.

यात बिघडले काय? दोन गोष्टी. पहिली २००५ मध्ये पुढे आली. अजित वारकी, जे मूळचे भारतातले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, त्यांच्या गटाने आणि फ्रेड गेज यांच्या गटाने मिळून दाखवले, की अशा वाढवलेल्या मानवी मूलपेशींच्या पृष्ठभागावर एक परकी शर्करा येऊन बसते. ती एक प्रकारचे सियालिक आम्ल आहे. इतर बहुतेक सस्तन प्राणी ते बनवतात. माणसातले ते बनवणारे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले आहे. आपल्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे रुग्णाला द्यायच्या पेशींवर त्याचेच रक्त हल्ला करण्याचा संभव. पेशी माणसाच्या, पण परकेपणाचा शिक्का उंदराकडून आणि गाईकडून आलेला.

दुसरी गोष्ट आम्ही स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या मूलपेशी बिघडू लागल्या. वसाहतींच्या कडा विस्कटत, मधल्या पेशी चपट्या होत, आठवडाभरात निम्म्या बशा टाकून द्याव्या लागत. तिने द्रव बदलला, उबवणपेटी तपासली, नवीन पेशी गोठणीतून काढल्या. दीड महिना गेला. आपल्या हाताला गुण नाही, असे ती म्हणू लागली होती, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही थोडे तसेच वाटू लागले होते. शेवटी तिने नोंदवहीत मागे जाऊन प्रत्येक बाटलीचा खेप-क्रमांक तारखांशी ताडून पाहिला. गाठीच्या अर्काची नवीन खेप उघडली त्याच आठवड्यात बिघाड सुरू झाला होता. जुन्या खेपेची अर्धी कुपी शीतकपाटाच्या तळाशी उरली होती. एका बशीच्या तीन खणांत जुना अर्क, तीन खणांत नवा. पेशी, द्रव, हात तेच. पाचव्या दिवशी डोळ्यांनी दिसत होते. तिचा हात निर्दोष होता. आम्ही तिची माफी मागितली, पण दीड महिना परत देता आला नाही.

अशा अर्कात नक्की काय असते? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मॅट्रिजेलमध्ये १८०० हून अधिक वेगवेगळी प्रथिने मोजली गेली, आणि खेपांची तुलना केली तर साधारण निम्मीच जुळत होती. सजीवाच्या गाठीतून काढलेल्या मालात हे व्हायचेच. पण मग एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत का मिळाला नाही, याचे उत्तर शोधायचे कुठे?

हवे तेवढेच प्रथिन

यावरचा उपाय तत्त्वतः जुनाच होता. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचे जनुक जीवाणूत घालून इन्सुलिन बनवले गेले आणि १९८२ पासून ते रुग्णांना मिळू लागले, हे आपण शिकवतोच. तसेच पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे मानवी जनुक दुसऱ्या पेशीत घालावे, त्या पेशीकडून ते प्रथिन बनवून घ्यावे, शुद्ध करावे आणि बशीच्या तळाला लावावे. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. अडचण होती ती निवडीची : १८०० प्रथिनांपैकी मूलपेशीला खरोखर कोणते हवे?

इथे इंटेग्रिनचे ज्ञान उपयोगी पडले. पेशी कोणते हात वापरते ते पाहायचे आणि त्या हाताला आवडणारे प्रथिन द्यायचे. २००८ मध्ये क्रिस्टिन ममरी यांच्या नेदरलँड्समधील गटातील स्टेफान ब्राम यांनी दाखवले की मानवी मूलपेशी एका विशिष्ट इंटेग्रिनच्या साह्याने पुनःसंयोजित व्हिट्रोनेक्टिनवर उत्तम वाढतात. काचेच्या मण्यांवर सापडलेले प्रथिन चार दशकांनी असे कामाला आले. २०११ मध्ये थॉमसन यांच्या गटाने व्हिट्रोनेक्टिनचे दोन्हीकडून छाटलेले रूप वापरले. ते साध्या जीवाणूत बनवता येते आणि पूर्ण प्रथिनापेक्षा पेशी त्यावर अधिक चांगल्या बसतात. त्यासोबत त्यांनी केवळ आठ घटकांचा द्रव तयार केला. सीरम नाही, प्राण्याचे प्रथिन नाही.

लॅमिनिनचा मार्ग अधिक खडतर होता. तीन वेगवेगळ्या साखळ्या एकाच पेशीत बनून नीट गुंफल्या जायला हव्यात. जीवाणूंच्या आवाक्यातले हे काम नव्हे. स्वीडनमध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटातील सर्गेई रोडिन यांनी २०१० मध्ये मानवी पेशींकडून बनवून घेतलेले लॅमिनिन-५११ वापरले. (हा आकडा पाचशे अकरा असा वाचायचा नाही. अल्फा साखळी पाचव्या प्रकारची, बीटा पहिल्या, गॅमा पहिल्या, असा त्याचा अर्थ.) ते निवडण्याचे कारण साधे होते : अगदी कोवळ्या भ्रूणात मूलपेशींच्या सान्निध्यात हेच लॅमिनिन असते. जपानमध्ये मियाझाकी, सेकिगुची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याहून काटकसर केली. एवढ्या थोरल्या क्रुसापैकी इंटेग्रिन धरते ते फक्त लांब दांड्याच्या टोकाला. तेवढाच तुकडा, ज्याला ई-८ म्हणतात, बनवला तर पेशी त्यावर एकेकट्या सोडल्या तरी घट्ट बसतात. याचा एक प्रकार आता रेशीमकिड्यांच्या कोशातून मिळवतात. हॅरिसन यांना ते ऐकून मौज वाटली असती.

प्रत्यक्ष लेप देण्याची कृती निराशाजनक वाटावी इतकी सोपी आहे. व्हिट्रोनेक्टिन क्षारद्रावणात पातळ करायचे, बशीत ओतायचे, तासभर तसेच ठेवायचे, उरलेला द्रव काढून लगेच पेशी सोडायच्या. तळ कोरडा पडू द्यायचा नाही, एवढे पथ्य. एका चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे एक मिलिग्रॅममध्ये २००० चौरस सेंटिमीटर, जवळपास ए-४ आकाराची तीन पाने भरतील. वरच्या वर्गाला एक गणित घालता येईल. पूर्ण व्हिट्रोनेक्टिनचे रेणुवस्तुमान सुमारे ७५,००० धरा आणि पेशीने १० मायक्रोमीटर बाजूचा चौरस व्यापला आहे असे समजा. एका पेशीच्या वाट्याला किती रेणू येतील? अ‍ॅव्होगाड्रोचा अंक वापरून उत्तर सुमारे ४० लाख येते. सगळेच रेणू तळाला चिकटत नाहीत, तेव्हा ही वरची मर्यादा समजावी.

२०१८ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी रोपण करण्यास सुरुवात झाली. त्या पेशी वाढवताना तळाला लॅमिनिनचा हाच ई-८ तुकडा होता. २०२५ मध्ये सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात उपचारामुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही. उपचार म्हणून त्याची किंमत ठरायला अजून अवकाश आहे. पण अशा पेशींबरोबर कागदपत्रे द्यावी लागतात, आणि त्यांत ‘उंदराची गाठ, घटक अनिश्चित’ असे लिहावे लागले नाही, हा फरक लहान नाही.

मग मॅट्रिजेल इतिहासजमा झाले का? नाही. पुनःसंयोजित प्रथिने महाग पडतात आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांना ती बहुधा बाहेरून मागवावी लागतात. रोजच्या कामाला आम्हीही काही वेळा गाठीचा अर्कच वापरतो, फक्त प्रत्येक नवी खेप आधी जुनीच्या शेजारी ठेवून तपासतो. शिवाय ‘पूर्ण ज्ञात तळ’ हे शब्द आम्ही जरा जपून वापरतो. तळाला आपण एकच प्रथिन लावलेले असते खरे, पण बसलेल्या पेशी स्वतःची प्रथिने विणू लागतात, आणि काही दिवसांनी त्या कशाला धरून आहेत ते आपल्यालाही पुन्हा तपासावेच लागते. सपाट तळ सोडून आतड्यासारखी त्रिमितीय लघुअंगे वाढवायची तर गोष्ट आणखी बिकट होते. २००९ मध्ये सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी आतड्याची पहिली लघुअंगे वाढवली ती मॅट्रिजेलमध्येच, आणि आजही बहुतेक ठिकाणी त्यासाठी उंदराच्या त्याच गाठीचा अर्क बर्फावर ठेवून, गार केलेल्या टोकाने थेंब थेंब मोजून घेतला जातो.